कात्री कुणाच्या हातात?

दर काही महिन्यांनी एक यादी फिरते. 'आयुष्यात एकदा तरी बघाव्यात अशा दहा रॉक डॉक्युमेंटरी.' कधी रविवारच्या पुरवणीत, कधी व्हॉट्सॲपवर, कधी यूट्यूबवर. यादीतली नावे थोडीफार बदलतात, भाषा मात्र तीच राहते. 'घरबसल्या पहिल्या रांगेत बसल्याचा अनुभव', 'कलावंताचं खरंखुरं दर्शन' आणि 'पडद्यामागचं सत्य'. ही तीन वाक्ये ठरलेली. माझा झगडा या तीन वाक्यांशी आहे.

घरबसल्या पहिली रांग कुणालाही मिळत नाही. मिळते ती संपादकाने कापून शिवलेली मैफल. गायकाचा चेहरा कधी दाखवायचा, ड्रम वाजवणारे हात कधी, गर्दीतली रडणारी मुलगी कधी, हे आपण टीव्ही सुरू करण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ठरवलेले असते. त्यात गैर काही नाही, चित्रपट असाच बनतो. गैर आहे ते त्याला 'सत्य' म्हणून विकणे आणि आपण ते मुकाट्याने घेणे.

रॉक संगीतावरचे माहितीपट आणि मैफलींचे चित्रपट हे गेल्या साठ वर्षांतले इतिहासलेखन आहे. पुस्तकाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसापर्यंतही ते पोचले. म्हणून इतिहासाच्या पुस्तकाला जे प्रश्न विचारतो तेच त्यांनाही विचारले पाहिजेत. कुणी लिहिले? कुणाच्या पैशावर? कुणाला वगळून? आणि शेवटची कात्री कुणाच्या हातात होती?

आमचा काय संबंध?

इथवर वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या मास्तराला रॉकशी काय घेणे? मोहल्ल्यातले काही जण म्हणतील, संगीत जायज की नाजायज ते आधी सांगा. तो वाद शेकडो वर्षांचा आहे, त्यावर आलिमांचेही एकमत नाही आणि या लेखाचा तो विषय नाही. दुसरीकडे काही सुशिक्षित मराठी मित्र म्हणतील, तुम्ही कव्वालीवर लिहा, गझलेवर लिहा, ते तुम्हाला शोभते. ही दोन्ही मते वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण आतून एकच आहेत. तुमची जागा ठरलेली आहे, तिथेच बसा, एवढेच दोघांना सांगायचे असते.

मुले मात्र ठरलेल्या जागी बसत नाहीत. स्वस्त इंटरनेट हातात आल्यापासून नववी-दहावीची मुले जगभरची गाणी ऐकतात आणि त्या गाण्यांमागच्या गोष्टी चित्रपटांतून बघतात. व्हिएतनामचे युद्ध, अमेरिकेतला वर्णभेद, बांगलादेशचा जन्म यांची पहिली ओळख त्यातल्या कुणाला पाठ्यपुस्तकातून नव्हे, अशा चित्रपटातूनच होते. धड्यावर प्रश्न विचारायला आपण मुलांना शिकवतो. मग त्याहून जास्त ठसणाऱ्या या धड्यावर प्रश्न विचारायला का शिकवू नये?

एकच फिल्म, दोन गोष्टी

सगळ्यात सोपे उदाहरण बीटल्सचे. जानेवारी १९६९ मध्ये मायकेल लिंडसे-हॉग यांनी या चौघांच्या तालमी चित्रित केल्या. त्यातून १९७० साली 'लेट इट बी' हा साधारण ऐंशी मिनिटांचा चित्रपट निघाला. तोवर बीटल्स फुटले होते. त्यामुळे लोकांनी तो घटस्फोटाची कागदपत्रे वाचावीत तसा पाहिला. कंटाळलेले चेहरे, धुसफूस, थंडी. पुढे हा चित्रपट कित्येक दशके अधिकृतपणे बघायलाच मिळेना.

मग २०२१ साली पीटर जॅक्सन यांनी त्याच साठवणीतल्या सुमारे ६० तासांच्या फिल्ममधून 'गेट बॅक' ही जवळजवळ आठ तासांची मालिका केली. ती डिस्ने प्लसवर घराघरांत गेली. आता तेच चौघे हसतात, टवाळ्या करतात, एकमेकांना सूर सुचवतात. जग म्हणाले, बघा, आजवर आपण उगाच समजत होतो की ते भांडत होते!

यातली गंमत बघा. जॉर्ज हॅरिसन तालमी अर्ध्यावर टाकून निघून गेला, हा त्या महिन्यातला सगळ्यात मोठा तंटा. तो 'उदास' समजल्या गेलेल्या १९७० च्या चित्रपटात नाही, 'आनंदी' समजल्या गेलेल्या २०२१ च्या मालिकेत आहे. म्हणजे कुठला चित्रपट खरा आणि कुठला खोटा, असा हिशेब इथे लागतच नाही. कच्चा माल एकच, शिंपी दोन, कपडे दोन. आणि दोन्ही वेळा दुकान एकाच मालकाचे, बीटल्सच्या स्वतःच्या 'ॲपल कोर' या कंपनीचे. फुटीच्या वेळी लोकांच्या हाती एक गोष्ट आली आणि पन्नास वर्षांनी, वारसा जपायची वेळ आली तेव्हा, दुसरी. 'खरंखुरं दर्शन' म्हणणाऱ्यांनी यातले खरेखुरे कोणते ते सांगावे.

मेलेल्या माणसाचे नाव

आता अशा चित्रपटाकडे वळू, ज्याचे नाव बहुतेक प्रत्येक यादीत असते. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे भाऊ आणि शार्लट झ्वेरिन यांचा 'गिमी शेल्टर', १९७०. रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्याचा हा चित्रपट. दौऱ्याच्या शेवटी, ६ डिसेंबर १९६९ ला, कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट या मोटार शर्यतीच्या मैदानावर फुकट मैफल ठेवली गेली. मंचाभोवती राखण करायला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी उभी केली. टोळीवाल्यांनी बिलियर्डच्या काठ्यांनी प्रेक्षकांना झोडपले. त्याच गोंधळात अठरा वर्षांच्या मेरेडिथ हंटर या काळ्या मुलाला टोळीतल्या एकाने सुऱ्याने भोसकले. हे कॅमेऱ्यात आले.

चित्रपट म्हणून त्यात एक मोठी हिंमत आहे. संपादनाच्या टेबलावर मिक जॅगरला बसवून ते दृश्य दाखवले जाते. फिल्म मागे-पुढे केली जाते. हंटरच्या हातातले पिस्तूल दिसते, सुरा दिसतो. जॅगर बघतो, उठतो, निघून जातो. कलावंताला त्याच्याच मैफलीचा साक्षीदार करून बसवणारे असे दृश्य आजच्या गुळगुळीत माहितीपटात सापडायचे नाही. पुढे आरोपीवर खटला चालला, ही फिल्म न्यायालयात दाखवली गेली आणि १९७१ साली स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर तो सुटला.

पण तीन दिग्दर्शकांच्या या श्रेष्ठ चित्रपटात चेहरा कुणाचा लक्षात राहतो? जॅगरचा. चित्रपट शेवटाकडे जातो तो त्याच्या गोठलेल्या चेहऱ्यावरून. हंटर कोण होता, त्याच्या घरी कोण होते, त्या दिवशी तो तिथे का आला होता, हे चित्रपट सांगत नाही. एका माणसाचा जीव गेला आणि ती दुसऱ्या माणसाच्या मनःस्थितीची गोष्ट झाली. हंटरच्या कबरीवर कित्येक वर्षे साधा नावाचा दगडही नव्हता. सॅम ग्रीन या दिग्दर्शकाने २००६ साली त्या बिननावाच्या कबरीवरच एक छोटा माहितीपट केला. त्याचे नाव 'लॉट ६३, ग्रेव्ह सी', म्हणजे कबरस्तानातला तिचा पत्ता. तो चित्रपट मात्र दहाच्या यादीत कधी नसतो.

जमावाने माणूस मारल्याचे व्हिडिओ आता आपल्या देशात मोबाइलवर फिरतात. ते पुढे पाठवले जातात, हळूहळू विसरले जातात आणि आरोपी सुटल्याची बातमी आतल्या पानावर येते. कॅमेरा होता म्हणून न्याय झाला, असे होत नाही. कॅमेऱ्यामागे कोण आणि पडद्यापुढे कोण, यावर गवाहीची किंमत ठरते. आल्टामाँटने हे १९६९ लाच शिकवले होते.

जे चित्रपटात नाही ते झालेच नाही

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकचा महोत्सव झाला. मायकेल वॉडली यांच्या चित्रपटाला १९७० च्या सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. संपादकांत मार्टिन स्कोर्सेझी आणि थेल्मा शूनमेकर होते. चित्रपट अप्रतिम आहे, हे मी कुणाच्याही आधी कबूल करेन. पण वुडस्टॉक म्हटल्यावर आज जगाला जे आठवते ते मैदानावरचे वुडस्टॉक नाही, पडद्यावरचे आहे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा त्या काळचा बडा बँड तिथे वाजला, पण चित्रपटात नाही, म्हणून तो तिथे होता हेच अनेकांना माहीत नसते. पहिल्या रात्री पावसात पंडित रविशंकर वाजवत होते, तबल्यावर उस्ताद अल्लारखा होते. चित्रपटात तेही नाहीत.

या चित्रपटातले एक लाडके दृश्य म्हणजे तात्पुरते संडास साफ करणारा हसतमुख माणूस. तो सांगतो की आपला एक मुलगा या गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनामच्या लढाईत. समीक्षकांना ते फार आवडले. त्या माणसाला आवडले नाही. आपल्याला न विचारता, काम करत असताना चित्रित करून हसू केले, अशी तक्रार घेऊन तो न्यायालयात गेला. खालच्या न्यायालयाने त्याचे म्हणणे सुनावणीआधीच निकालात काढले होते. १९७३ साली वरच्या न्यायालयाने सांगितले की नाही, याची नीट सुनावणी झाली पाहिजे. 'प्रेम आणि शांती'च्या त्या तीन तासांत ज्याला विचारायची गरज कुणाला वाटली नाही, तो माणूस संडास साफ करणारा होता. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. घाण उपसणाऱ्याकडे बघून हसणे आणि त्याची परवानगी न घेणे, हे आपल्या देशात राहणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात, वुडस्टॉकपासून दीडशे-एक किलोमीटरवर, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम या काळ्या वस्तीत सहा रविवार एक फुकट महोत्सव चालला होता. स्टीव्ही वंडर, नीना सिमोन, महालिया जॅक्सन, स्लाय स्टोन. एकूण सुमारे तीन लाख माणसे आली. हॅल टुल्चिन यांनी सुमारे ४० तासांचे चित्रण केले. थोडा भाग तेव्हा टीव्हीवर दिसला, पण त्याचा चित्रपट करायला कुणी तयार होईना. टेपा तळघरात पडून राहिल्या, त्या थेट २०२१ पर्यंत. मग क्वेस्टलव्ह यांनी त्यातून 'समर ऑफ सोल' केला आणि त्यालाही ऑस्कर मिळाले. एकाच उन्हाळ्यातले दोन महोत्सव. एकाचा वर्षभरात चित्रपट आणि आख्यायिका, दुसऱ्याला पन्नास वर्षे तळघर. कॅमेरा दोन्हीकडे होता. फरक होता तो त्या चित्रणाला गिऱ्हाईक मानण्याचा.

साथीदार कोण?

आता आपल्या माणसांचे बघू. डी. ए. पेनबेकर यांचा 'माँटेरे पॉप' हा जून १९६७ च्या महोत्सवाचा चित्रपट. तो मुळात घरी बसून टीव्हीवर बघण्यासाठीच घेतला होता, पण वाहिनीने नाकारला म्हणून थिएटरात गेला. यात जिमी हेंड्रिक्स गिटार जाळतो. द हू हा बँड वाद्ये फोडतो. वाद्याची अशी विटंबना पाहून आपल्याला त्रास झाला, हे रविशंकर यांनी पुढे अनेकदा सांगितले. पण पेनबेकरनी चित्रपटाचा शेवट केला तो सतार आणि तबल्यावर. कॅमेरा आधी बराच वेळ गर्दीत फिरतो, वाद्य फक्त ऐकू येते, वादक दिसत नाही. मग सतारीवरची बोटे दिसतात आणि मग सतार-तबल्याची ती सवाल-जवाबाची लढत. माझ्या मते रॉकच्या चित्रपटात हिंदुस्थानी संगीताला मिळालेली ही सगळ्यात इज्जतीची जागा आहे. संपादकाने मनात आणले तर काय होऊ शकते, याचा हा पुरावा.

तरीही या प्रसंगाची चर्चा ऐका. 'रविशंकर आणि त्यांचे साथीदार.' ते साथीदार म्हणजे मुंबईत राहणारे, ए. आर. कुरेशी या नावाने हिंदी चित्रपटांना संगीत देणारे, पंजाब घराण्याचे उस्ताद अल्लारखा. पडद्यावर ते बरोबरीने दिसतात, ओळीत मात्र 'आणि साथीदार' होतात.

'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश' हे त्याहून टोचणारे उदाहरण. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एका दिवसात दोन खेळ, सुमारे ४० हजार प्रेक्षक. पूर्व बंगालात आधी चक्रीवादळ, मग पाकिस्तानी लष्कराची कत्तल आणि भारतात लोटलेले लाखो निर्वासित. मदतीची कल्पना रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसनपुढे मांडली. मैफलीची सुरुवात सतार, सरोद, तबला आणि तानपुऱ्याने झाली. वाद्ये सुरात लावली तेव्हाच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यावर रविशंकर हसून म्हणाले की सूर लावणे एवढे आवडले, तर वादन त्याहून आवडेल. हा प्रसंग सगळे किस्सा म्हणून सांगतात. त्या वेळी सरोद घेऊन कोण बसले होते, हे फार थोडे सांगतात. बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे चिरंजीव उस्ताद अली अकबर खाँ. जन्म पूर्व बंगालातला. म्हणजे ज्या मातीसाठी हे सगळे चालले होते, त्या मातीत जन्मलेला फनकार मंचावर होता. हॅरिसनचे मन मोठे होते, यात शंका नाही. पण पुढची पन्नास वर्षे गोष्ट सांगितली गेली ती 'बीटलने बांगलादेशसाठी केलेली मेहरबानी' अशी.

आणि इथे दोष फक्त संपादकाचा नाही. डीव्हीडी आली तशी रिमोटची सोय आली. भारतीय संगीताचा भाग आला की पुढे ढकला आणि थेट बॉब डिलनवर जा. घरी बसलेला प्रेक्षकही संपादकच असतो, त्याची कात्री त्याच्या अंगठ्यात असते. 'आमच्या संगीताला जगाने मान दिला' म्हणून छाती फुगवणारे आपणही तेवढाच भाग पुढे ढकलतो. मग तक्रार कुणाकडे करायची?

गोऱ्यांच्या रॉकनेही स्वतःच्या साथीदारांशी वेगळे काही केले नाही. ज्या गाण्यावरून 'गिमी शेल्टर' हे नाव आले, त्यात जॅगरच्या बरोबरीने फाटेपर्यंत गाणारा आवाज मेरी क्लेटन या काळ्या गायिकेचा आहे. तिला रात्री उशिरा घरून बोलावून घेतले होते, ती तेव्हा गरोदर होती. मूळ तबकडीवर तिच्या नावाचे स्पेलिंगसुद्धा चुकीचे छापले. मागे उभे राहून गाणाऱ्या अशा बायकांवर मॉर्गन नेव्हिल यांनी २०१३ साली 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' केला, तेव्हा कुठे लोकांनी तिचा चेहरा नीट पाहिला.

परवानगीचा फास

कुणी म्हणेल, हा सगळा जुना हिशेब झाला, आता तर ओटीटीवर सगळे खुलेआम दाखवतात. उलट आहे. आता फास जास्त घट्ट झाला आहे.

याचे कारण साधे आहे. संगीतकाराचा माहितीपट म्हटला की त्यात गाणी हवीत. गाणे वापरायचे तर दोन परवानग्या लागतात. एक गाण्याच्या रचनेच्या मालकाची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. या किल्ल्या कलावंताच्या, त्याच्या वारसांच्या किंवा कंपनीच्या खिशात असतात. जो प्रश्न आवडला नाही त्याला गाणे मिळत नाही. निक ब्रूमफील्ड यांनी कर्ट कोबेनच्या मृत्यूवर 'कर्ट अँड कोर्टनी' केला, तेव्हा निर्वाणाची गाणी वापरू दिली नाहीत आणि १९९८ साली सनडान्स महोत्सवातून तो चित्रपट ऐनवेळी काढला गेला. २०१५ साली कोबेनवर 'माँटाज ऑफ हेक' आला. त्याला घरच्यांची परवानगी होती, मुलगी निर्मितीत सहभागी होती आणि गाणीही होती. हा दुसरा चित्रपट वाईट आहे असे मी म्हणत नाही. पण दोघांपैकी तुमच्या टीव्हीवर कोणता सहज येतो आणि का, एवढे बघा.

रोलिंग स्टोन्सनी 'गिमी शेल्टर' लोकांपुढे येऊ दिला, पण १९७२ च्या दौऱ्यावर रॉबर्ट फ्रँक यांनी घेतलेला चित्रपट, ज्याचे नाव इथे लिहिण्याजोगे नाही, तो न्यायालयात जाऊन अडवला. वर्षाकाठी मोजके खेळ, तेही दिग्दर्शक हजर असेल तरच, अशी अट पडली. आणि अगदी ताजी गोष्ट म्हणजे प्रिन्सची. ओ. जे. सिम्प्सनवरच्या माहितीपटासाठी ऑस्कर मिळवणारे एझ्रा एडेलमन यांनी नेटफ्लिक्ससाठी प्रिन्सवर नऊ तासांचा चित्रपट केला, कित्येक वर्षे खपून. त्याच्या मालमत्तेचे काम बघणाऱ्यांना तो पसंत पडला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले की हा चित्रपट येणार नाही, त्याऐवजी मालमत्तावाले आपला वेगळा चित्रपट करतील. माणूस मेला, तरी त्याच्या गोष्टीचे मालक जिवंत असतात.

पैसा कलावंताचा असला म्हणजे चित्रपट खोटाच होतो, असेही नाही. मेटालिका या बँडचा 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर', २००४, त्यांच्याच पैशावर झाला. त्यात ते लहान पोरांसारखे भांडतात आणि दरमहा ४० हजार डॉलर घेणाऱ्या समुपदेशकापुढे बसून रडतात. बँडने तो तसाच बाहेर येऊ दिला. म्हणजे पगार कुणाचा हा पहिला प्रश्न आणि शेवटची कात्री कुणाची हा खरा प्रश्न.

रॉकस्टार किंवा मुल्ला

मुसलमान या चित्रपटांत येतो तेव्हा कसा येतो? २००३ साली जुनून या पाकिस्तानी बँडच्या सलमान अहमदवर एक माहितीपट आला. तो सरहद्द प्रांतात जातो आणि संगीतावर बंदी घालू पाहणाऱ्या मौलवींशी वाद घालतो. सलमानची हिंमत खरीच. पण चित्रपटाचे नाव बघा, 'द रॉक स्टार अँड द मुल्लाज'. नावातच दोन पैलवान आखाड्यात उतरवले. या दोघांच्या मध्ये जी कोट्यवधी माणसे राहतात, दिवसा दुकान चालवतात, संध्याकाळी नुसरतची कव्वाली लावतात आणि सकाळी फजरला उठतात, त्यांना या नावात जागाच नाही.

'हेवी मेटल इन बगदाद', २००७, याहून प्रामाणिक वाटतो. इराकमधल्या ॲक्रासिकॉडा या बँडची ती गोष्ट. सद्दामच्या काळात मैफल करायची तर त्याच्या स्तुतीचे गाणे करावे लागे. सद्दाम गेला, अमेरिकी फौजा आल्या आणि मग मैफल करणेच अशक्य झाले. पोरे सीरियाला पळाली, वाद्ये विकून पोट भरले. ज्या देशाचे संगीत ती मुले जीव लावून वाजवत होती, त्याच देशाच्या युद्धाने त्यांचे शहर मोडले. ही गोष्ट चित्रपटाला वेगळी सांगावी लागत नाही, ती आपोआप दिसते.

आणि आपल्याकडचा 'जुनून', २०१५. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात रेडिओहेडचा जॉनी ग्रीनवुड, शाय बेन त्झूर आणि राजस्थानचे मांगणियार, कव्वाल, नगारेवाले एकत्र वाजवतात. दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन. कॅमेरा जमिनीवर वादकांत बसतो. वीज जाते, तेही ठेवले आहे. ग्रीनवुड कोपऱ्यात बसून गिटार वाजवणारा एक माणूस, एवढाच. हे फार मोठे आहे. उणीव एकच. पिढ्यान्‌पिढ्या हिंदू यजमानांच्या दारी गाणारे हे मुसलमान कलावंत स्वतःबद्दल काय म्हणतात, हे फारसे ऐकू येत नाही. वाजवू दिले, बोलायला थोडे कमी दिले.

'आम्हाला नुसते गाणे ऐकू द्या'

दिवसभर राबून आलेल्या माणसाने टीव्हीपुढे बसून मैफल ऐकावी, प्रत्येक वेळी चौकशी आयोग कशाला, असे कुणी म्हणेल. ऐका ना. गाणे ऐकायला कुणाची हरकत नाही. पण मग त्याला गाणे म्हणा, सत्य म्हणू नका. ज्या दिवशी त्याला माहितीपट म्हणून विकले जाते आणि मुले त्यातून इतिहास शिकतात, त्या दिवशी त्याची चौकशी होणारच.

आणि याद्या करणाऱ्या मराठी मित्रांना एक प्रश्न. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' तुमच्या यादीत का नसतो? ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण गेले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून सुरू करून पटवर्धनांनी १४ वर्षे शाहीर, कलापथके, वस्त्यांतले गायक-गायिका यांच्यामागे कॅमेरा नेला. गाणे कुठून येते, गाणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते, हे दाखवणारा इतका मोठा चित्रपट आपल्या भाषेच्या दारात उभा आहे आणि आपण 'बंडखोर संगीता'च्या शोधात कॅलिफोर्नियाला जातो. तिथे गिटार जाळले म्हणून बंड. इथे डफ वाजवला म्हणून तुरुंग बघितलेली माणसे आहेत, ती यादीत नाहीत.

माझी मागणी फार नाही. चित्रपट बघा, घरच्यांना घेऊन बघा. संपला की लगेच पुढचा लावू नका, श्रेयनामावली शेवटपर्यंत जाऊ द्या. निर्मात्यांत कलावंताचे किंवा त्याच्या वारसाचे नाव आहे का ते पोरांना शोधायला लावा. तबल्यावर कोण होते ते नाव मोठ्याने वाचायला लावा. आणि विचारा, यात कोण बोलले नाही? या तीन गोष्टींना पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे देण्याआधी कुणीही मला 'पडद्यामागचं सत्य' सांगू नये.